वैयक्तिक कारणास्तव

सरकारी खरेदी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, कोणीतरी तिचा दंड धरला आणि काही न विचारता तिला उजवीकडे वळवलं.

"इकडून... सांभाळून. पुढे पायरी आहे."

"पायरी मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही कोण, ते माहीत नाही."

दंडावरचा हात चटका बसावा तसा सुटला.

"माफ करा. मला वाटलं, मदत—"

"मदत विचारून करतात. मला दिसत नाही, पण तोंड आहे, सांगता येतं. आणि मला डावीकडे जायचं होतं."

तो माणूस निघून गेला असावा असं तिला वाटलं, तेवढ्यात तिथूनच, पण आता हातभर अंतरावरून, आवाज आला.

"मग... डावीकडे सोडू का? विचारतोय."

तिला हसू आलं. तिने हात पुढे केला, त्याचं कोपर शोधलं आणि त्यावर बोटं टेकवली. "असं. तुम्ही मला धरायचं नाही. मी तुम्हाला धरायचं."

"हे बरं आहे," तो म्हणाला. आवाज मऊ होता, थोडा घाबरलेला.

नमुने जमा करायच्या खिडकीपर्यंत तो तिच्याबरोबर आला. चालताना त्याचा डावा बूट कुरकुरत होता, पावलागणिक. तिने काखेतली पिशवी खिडकीत दिली, त्यात दोन पांढऱ्या चादरी होत्या, आणि आभार मानायला वळली तर कुरकुर जिन्याकडे निघून गेली होती.

ती चादरींच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड, चौदा शिलाई मशीन, कापणीचं एक मोठं टेबल आणि बेचाळीस माणसं. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला एकच हात, कापणीचे उस्ताद चाकाच्या खुर्चीत. सरकारचा नियम असा होता की अशा कारखान्यात तयार झालेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे अंगरखे सरकारी दवाखान्यांनी आधी इथूनच घ्यायचे, बाजारात नंतर जायचं. मात्र माल तपासणीत उतरला पाहिजे. सलग दोन वेळा परत गेला, तर दवाखाने बाजाराकडे वळायला मोकळे.

नजर गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं. त्यानंतरची चार वर्षं ती घरात बसून त्याच त्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि येणारी जाणारी माणसं तिच्यासमोरच "बिचारी" म्हणत होती. मग कारखान्याच्या मॅडमनी तिच्या हातात एक चादर दिली आणि विचारलं, "यात काय चुकलंय?" तिने काठावरून बोटं फिरवली. "इथे टाका सुटलाय. आणि हा कोपरा दुमडलाय, शिवलाच नाही." त्या दिवसापासून शेवटची तपासणी तिच्याकडे आली. तिच्या बोटांतून काही सुटत नसे, आणि जिभेतूनही. उस्तादांनी तिचं नाव सुई ठेवलं. बिचारीची सुई झाली, याचा तिला मनातून फार अभिमान होता.

कार्यालयातल्या त्या भेटीनंतर आठ-दहा दिवसांनी शेडच्या फरशीवर ओळखीची कुरकुर आली. मागोमाग मॅडमचा गोड झालेला आवाज. "या ना साहेब. हे आपले नवीन तपासनीस साहेब बरं का, सगळ्यांनी उभं राहा... म्हणजे, ज्यांना जमेल त्यांनी."

तिने मान वळवली. पावलं तिच्या टेबलापाशी आली आणि अडखळली.

"नमस्कार," तो म्हणाला. "आपण... जिन्यापाशी..."

"हो. आज उजवीकडे जायचं की डावीकडे, साहेब?"

उस्ताद खुर्चीत खदखदून हसले. मॅडमना काही कळलं नाही.

पण पुढच्या पाव तासात तिचा सगळा खेळकरपणा उतरला. साहेबांनी शेडभर एक फेरी मारली. एका हाताने मशीन चालवणाऱ्या बाईजवळ ते बराच वेळ थांबले. परत आले तेव्हा घसा साफ करत होते. त्यांनी वरचा एक गठ्ठा सोडला, दोन चादरी उलटसुलट केल्या, आणि तिला शिक्क्याच्या शाईच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"साहेब, किती गठ्ठे सोडलेत?" तिने विचारलं.

"एक."

"नियम कितीचा आहे?"

"आठचा. पण इथलं काम बघून मला खात्री पटली. तुम्ही सगळे इतक्या कष्टाने—"

"कष्टावर रुग्ण झोपत नाही, साहेब. चादरीवर झोपतो."

मॅडमनी तिच्या पाठीला हळूच चिमटा काढला. तिने दाद दिली नाही. मागचे तीन दिवस ती तापाने घरी होती. तिच्या जागी उस्तादांनी माल पाहिला होता, आणि उस्तादांची नजर कापडावर पक्की असली तरी शिलाईवर नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

"उरलेले सात सोडा," ती म्हणाली.

पाचव्या गठ्ठ्यात दोष सापडला. एका मशीनचा दोरा सैल बसला होता. काठ ओढला की टाके सरसर निघत होते. अकरा चादरी तशा. सहाव्या गठ्ठ्यात आणखी सात. शेडमधली मशीनं एकेक करून थांबली.

"आता काय करू?" त्याने खालच्या आवाजात तिलाच विचारलं.

"तुमच्याकडे दुसरा शिक्का नाही का?"

"आहे."

"मग मारा तो."

त्याने नामंजुरीचा लाल शिक्का मारला. मॅडम दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. त्या मशीनवरची बाई मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. बेचाळीस जणांनी मिळून चार दिवसांत पाचशे चादरींचे काठ पुन्हा पाहिले, खराब तेवढे उसवले आणि नव्याने शिवले. पाचव्या दिवशी कुरकुर परत आली. त्याने आठच्या आठ गठ्ठे सोडले, एकेक चादर उजेडाला धरली, आणि तासाभराने मंजुरीचा शिक्का उमटला. सलग दुसऱ्यांदा माल परत जाण्याचा धोका टळला होता. शेडभर टाळ्या झाल्या.

निघताना तो तिच्या टेबलापाशी थांबला.

"त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता तर कोणाला कळलंही नसतं."

"ज्या रुग्णाच्या पायात तो दोरा अडकला असता, त्याला कळलं असतं. मग तो म्हणाला असता, अपंगांनी केलेल्या चादरी, अशाच असायच्या."

तो हळूच म्हणाला, "बोटांनी कसं बघता, ते मला शिकवाल?"

तो दर पंधरा दिवसांनी येई. काम आटोपलं की ती त्याला डोळे मिटायला लावी आणि चादरीचा काठ हातात देई.

"काय लागलं?"

"काही नाही."

"परत. घाई कसली आहे? आता?"

"इथे... काहीतरी दाट."

"तिथे दोरा संपला, दुसरा सुरू झाला. डोळे उघडलेत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात एकदम शहाणा झाला."

तो हसे. त्याचं हसणं आधी नाकात अडके आणि मग मोकळं होई. ते ऐकायला ती काहीबाही बोलू लागली, हे तिचं तिलाच उशिरा लक्षात आलं. त्याच्या घरी थोरली बहीण आणि तिची मुलगी, तो रोज भाचीची वेणी घालतो आणि ती रोज वाकडी होते, हे तिला कळलं. पूर्वी तो कापडाच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडली, मग सरकारी नोकरीत आला, हेही. आणि कारखान्यात आपल्याला सगळे "कुरकुरे साहेब" म्हणतात, हे त्याला उस्तादांकडून कळलं.

"नाव कोणी ठेवलं?" त्याने तिला विचारलं.

"ज्याने ठेवलं असेल त्याचे कान चांगले असणार. बूट दुरुस्त का करत नाही?"

"चांभाराकडे नेला होता." तो जरा थांबला. "मग परत आणला, तसाच. म्हटलं... मी आलोय हे तुम्हाला कळणार कसं?"

ती अभ्र्यांची चळत सारखी करू लागली. ती आधीच सारखी होती.

एका दुपारी पावसाची सर आली आणि दोघं शेडच्या पडवीत अडकले. पत्र्यावर थेंबांचा ताशा चालला होता. तो जवळ उभा होता, इतका की त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा वास तिला येत होता.

"तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय," ती म्हणाली.

"हे तर तुम्ही हात न लावता सांगितलंत."

"मघाशी चादर देताना ते माझ्या मनगटाला लागलं. थांबा."

पदराच्या टोकाला लावलेली सुई तिने काढली. दोरा ओवायला तिला एक क्षण लागला. त्याने हात पुढे केला आणि ती त्याच्या बाहीवर टाके घालू लागली. त्याची नाडी तिच्या बोटांखाली धावत होती. गाठ मारून दोरा दातांनी तोडायला ती वाकली, तेव्हा त्याचा श्वास थांबलेला तिने ऐकला.

"मला तुम्हाला एक सांगायचं..." तो म्हणाला.

ती थांबली. पाऊस पडत राहिला.

"आज नको," तो शेवटी म्हणाला. "आज मला ते सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. दिवसभर ती त्या "आज"वर तरंगत होती.

पंधरा दिवसांनी तो आला नाही. पुढच्या पंधरवड्याला त्याच्याऐवजी कार्यालयातला कोणीतरी आला, घाईघाईत माल पाहून गेला. साहेब कुठे, म्हणून मॅडमनी विचारलं, तर "त्यांचं काम बदललं" एवढंच उत्तर मिळालं. निरोप नाही, चिठ्ठी नाही, कारखान्याचा फोन तर रोज तिच्या टेबलाजवळच वाजत होता. प्रत्येक वेळी तिचे कान टवकारत आणि प्रत्येक वेळी फोन दुसऱ्या कोणाचा असे.

तिच्या आईच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही.

"जेवणात लक्ष नाही तुझं," आई म्हणाली. मग भांडी आवरता आवरता, तिच्याकडे पाठ करून, "तो डोळस माणूस आहे, बाळ. तुझ्याशी बोलून चार दिवस बरं वाटलं असेल त्याला. कणव येते माणसांना. टिकत नाही ती."

"त्याला कणव आली असती तर त्याने माझ्या मालावर लाल शिक्का मारला नसता, आई."

"तो तूच मारायला लावलास ना?"

"मी म्हटलं. मारला त्याने."

आईचं म्हणणं मात्र मनात रुतून बसलं. रात्रभर नाही, दिवसाच रुते, ऐन कामात, बोटं काठावर असताना. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून एक सुटलेला टाका निसटला. तो उस्तादांनी दाखवला आणि मुद्दाम थट्टा केली नाही. ती न केलेली थट्टाच तिला जास्त लागली.

सहा आठवड्यांनी नव्या तपासनीस बाई आल्या. पावलं मऊ, आवाज खणखणीत. त्यांनी आठाऐवजी दहा गठ्ठे सोडले. चादरी मोजपट्टीवर ताणल्या, टाके भिंगाखाली मोजले, आणि कौतुकाचा एक शब्द न काढता मंजुरीचा शिक्का मारला. मग खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसल्या.

"शेवटची तपासणी तुम्ही करता?"

"हो."

"हं." कागदांची सळसळ झाली. "तुमच्या आधीच्या साहेबांनी या कामातून मोकळं करा म्हणून अर्ज केला होता, ठाऊक आहे?"

"नाही. का केला?"

"पहिल्या अर्जात लिहिलं, वैयक्तिक कारणास्तव. मोठे साहेब म्हणाले, असं मोघम चालणार नाही, कारण स्पष्ट लिहा. मग त्यांनी दुसरा अर्ज दिला. स्पष्ट लिहिला. इतका स्पष्ट की कार्यालयात दोन दिवस कोणी काम केलं नाही."

"काय लिहिलं होतं?"

"तो तुम्हाला वाचून दाखवणं नियमात बसत नाही." चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज झाला. "पण मला फाईल मोठ्याने वाचायची सवय आहे. कोणाच्या कानावर पडलं तर माझा इलाज नाही."

आणि त्या वाचू लागल्या, पाण्याच्या बिलाचं वाचन करावं तशा एकसुरी आवाजात.

"उपरोक्त केंद्रात अंतिम तपासणी करणाऱ्या कर्मचारी यांच्याविषयी माझ्या मनात स्नेह उत्पन्न झाला असून तो दिवसेंदिवस वाढत आहे. सदर बाब मी त्यांना कळवलेली नाही. त्यांच्या केंद्राचा माल मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार माझ्या हाती असेपर्यंत ती कळवणे योग्य होणार नाही, कारण मला नकार देण्यास त्या मोकळ्या राहणार नाहीत. तसेच माझ्या शिक्क्यांविषयी उद्या कोणी शंका घेतल्यास त्याचा डाग त्यांच्या कामाला लागेल, जे काम निर्दोष आहे. तरी सदर तपासणीतून मला मुक्त करावे, ही नम्र विनंती."

शेडमध्ये मशीनं चालू होती. निदान काही. जवळची दोन केव्हाच थांबली होती.

"त्यामुळे त्यांनी मंजूर केलेला सगळा माल दवाखान्यांत जाऊन पुन्हा तपासावा लागला," बाई फाईल मिटत म्हणाल्या. "ते होईपर्यंत इकडे फिरकायचं नाही, फोनही करायचा नाही, असा त्यांना आदेश होता. तपासणी काल संपली. एकही चादर नापास नाही. ते आता दुसऱ्या मजल्यावर, पाकिटं आणि कागद बघतात." त्या उठल्या. "चहा चांगला होता."

चहा अजून आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा घेतली. मॅडमनी कारण विचारलं. ती म्हणाली, "वैयक्तिक," आणि उस्तादांना ठसका लागला.

कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, कागदाच्या कोऱ्या वासाच्या एका खोलीत, ती दाराशी उभी राहिली. आत कोणीतरी पाकिटं मोजत होतं. मोजता मोजता आकडा हवेत राहिला.

"तुम्ही..." तो म्हणाला. "मी आज संध्याकाळी येणारच होतो. खरंच. कालच आदेश उठला. आज शर्टही..."

"तुमच्या मनातलं मोठ्या साहेबांना कळलं," ती म्हणाली. "कारकुनांना कळलं. शिपायाने मला खाली दाराशीच विचारलं, त्या चादरीवाल्या ताई तुम्हीच का. सगळ्या सरकारला कळलं. राहिले फक्त मी."

"तुमच्यावर जबरदस्ती होऊ नये म्हणून—"

"ते समजलं मला. वाचलं नाही, पण ऐकलं. चांगलं लिहिता. पण मधले सहा आठवडे मी काय समजायचं होतं? मी समजले, कणव होती, संपली."

खुर्ची सरकली. तो समोर आला, हातभर अंतरावर थांबला.

"कणव?" तो म्हणाला. "तुमच्यासमोर मला दर वेळी परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. घरी भाचीच्या फ्रॉकचे काठ चाचपून सराव करायचो मी. बहीण म्हणाली, याला वेड लागलं. तुम्ही सहा आठवडे असं समजत होतात, याचा मी विचार करायला हवा होता. केला नाही. चुकलो मी."

तिला रागवायचं अजून बरंच शिल्लक होतं. फ्रॉकच्या काठांनी सगळं विरघळवलं.

दोघं खाली उतरले. बसथांब्यावरचं बाक उन्हाने कोमट झालं होतं. बराच वेळ ती रस्त्याचा आवाज ऐकत बसली. शेजारी तो बोटं मोडत होता.

"मला विचारायचंय," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही... माझ्याबरोबर... घरी बहीण आहे, भाची आहे, दोन खोल्या आहेत, तुमचं काम आहे ते राहीलच, ते सोडा असं मी कधीच... मला हे बोलता येत नाही हो. लिहून देऊ का?"

"नको. तुमचा अर्ज मंजूर व्हायला सहा आठवडे लागतात."

आधी नाकात अडकलं, मग मोकळं झालं ते हसू. बस आली, दार उघडलं.

"ही तुमची बस," तो म्हणाला.

"माहीत आहे."

ती उठली नाही. दार मिटलं, बस निघून गेली. तिने बाकावर हात सरकवला, त्याची बोटं सापडेपर्यंत.

"हो," ती म्हणाली. "आता पुढची बस येईपर्यंत सांगा, सहा आठवडे काय काय केलंत."

आणखी दोन बस गेल्या. ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आई दारातच उभी होती.

"उशीर झाला?"

"झाला. रविवारी एक जण चहाला येणार आहे, आई. आणि त्याची बहीण, आणि भाची."

आई आत गेली, डबे हलले, एक झाकण पडलं आणि गोल फिरत राहिलं. ते थांबल्यावर आतून आवाज आला.

"साखर किती घेतो तो?"

"दोन चमचे," ती म्हणाली, आणि उत्तर इतकं झटक्यात आलं की आत आई हसली.